दुप्पट सांगितलेला आकडा

डोळखांबच्या वरच्या पाड्यांवर भात झोडून झालं की वीटभट्टीचा मुकादम टेम्पो घेऊन येतो. माणसं भांडी, कोंबड्या आणि पोरं घेऊन त्यात चढतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने पोरांची शाळा बुडते. माझी अशीच बुडाली होती. मी पुन्हा कधी वर्गात बसलो नाही.

म्हणून आम्ही चार जणांनी एक संस्था काढली आणि पाड्याजवळ त्या सहा महिन्यांपुरतं वसतिगृह सुरू केलं. अठरा पोरं, स्वयंपाकाला एक मावशी आणि मुक्कामाला एक शिक्षिका. पहिली दोन वर्षं एका कारखान्यानं खर्च उचलला, तिसऱ्या वर्षी त्यांनी हात वर केले. मग माझ्या पुतणीनं सुचवलं की हल्ली लोक वेबसाइटवर मदत मागतात.

मी मुरबाडचा भाजीचा व्यापारी. भेंडीच्या दोन करंड्या एसटीच्या टपावर टाकून कल्याण गाठायचो, तिथून आज तीन टेम्पोंपर्यंत आलोय. कोणाच्या मेहेरबानीवर नाही, तोंडाच्या जोरावर. पहिला आकडा कधीच खरा सांगायचा नाही, हे मला बाजारानं शिकवलं. दुप्पट सांगायचं. समोरचा चिडतो, उठून जातो, परत येतो आणि मग मधे कुठेतरी सौदा ठरतो.

पुतणी अर्ज भरत होती. संस्थेतले निवृत्त गुरुजी शेजारी बसले होते.

"खर्च तीन लाखांचा आहे. सहा कशाला लिहितोस?" गुरुजी म्हणाले.

"तीन लिहिले तर दीड मिळतील. गुरुजी, तुमची गणितं फळ्यावरची. बाजारात ती चालत नायत."

"अरे, खाली बघ. आकडा पूर्ण झाला नाही तर सगळे पैसे ज्याचे त्याला परत, असं लिहिलंय."

ते मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं मी कोणालाही सांगणार नाही. मला वाटलं, हाही त्यांचा पहिला भाव असणार. शेवटी फोन करू, घासाघीस करू.

पैसे आले. कोणाचे पन्नास, कोणाचे पाच हजार. मला न ओळखणाऱ्या माणसांनी, डोळखांब कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या माणसांनी दिले. मुदतीला दोन दिवस उरले असताना आकडा तीन लाखांच्या वर गेला. मी त्याच दिवशी पाड्यावर गेलो आणि घराघरांत सांगून आलो, "निर्धास्त जा. पोरं इथंच राहतील."

मुदत संपली आणि पडद्यावर 'मोहीम अयशस्वी' अशी ओळ आली. मी वेबसाइटच्या कंपनीला फोन लावला. एका मुलीनं उचलला.

"सर, टार्गेट पूर्ण झालं नाही. रिफंड सुरू झालाय."

"अहो बाई, मला तीनच पाहिजेत. वरचे तीन मी सोडले. झालं?"

"असं सोडता येत नाही, सर."

"बरं, तुमचं कमिशन दुप्पट घ्या."

"सर, ते सिस्टममध्येच आहे."

"मग देणाऱ्यांचे नंबर द्या. एकेकाच्या पाया पडतो."

"ती माहिती देता येत नाही. तुम्ही नवीन मोहीम सुरू करू शकता, तपासणीला तीन आठवडे लागतात."

मी तिला नको ते बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणखी काही मदत हवी आहे का, सर?" त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तीस वर्षं मी माणसांशी भांडून पोट भरलं. इथं भांडायला समोर माणूसच नव्हता. आणि गुरुजी? ते पिशवी घेऊन दुकानोदुकानी तांदूळ मागायला निघाले. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मुकादम तीन आठवडे थांबणार नव्हता. मुरबाडच्या दुकानदारांनी तांदळाची पोती दिली, पण शिक्षिकेनं तोवर दुसरी नोकरी धरली होती. मुक्कामाला बाई नाही म्हटल्यावर पोरं, त्यातून मुली, कोणाच्या जिवावर ठेवायच्या?

टेम्पो आला त्या सकाळी मी पाड्यावर गेलो. सातवीतल्या एका मुलीच्या आईनं मला गाठलं.

"शेठ, पोरांची खोली उघडली काय?"

"नाय. पैसे आले होते, परत गेले."

"आलेले पैसे परत कसे जातात?"

टेम्पोतून एक जण ओरडला, "यापारी हाय गो तो! त्याच्या हातातला पैसा परत जाईल काय?" सगळे हसले. ती हसली नाही.

"हिची आत्या सापगावला ठेवत होती हिला. तुमच्या शब्दावर आमी नको म्हटलं. आता तिनं नणंदेची पोर ठेवली."

"मी माझ्या घरी नेतो, मुरबाडला."

"एकली पोर परक्या घरात? नको शेठ."

पोरगी तोवर चढून बोचक्यावर बसली होती. तिचा बाप मुकादमाशी बोलत होता.

"हिची मजुरी काय धरणार?"

"काय धरायचं? आईच्या हाताखाली राहील."

बाप माझ्याकडे वळला. "शेठ, तुमी बोला ना जरा. तुमाला जमतं."

मी बोललो. आवाज चढवला, मुकादमाची अक्कल काढली, टेम्पोसमोर आडवा उभा राहिलो. पाच मिनिटांत त्या पोरीची अर्धी हजेरी कबूल करून घेतली. बापानं माझे दोन्ही हात धरले.

गुरुजींना हे मी सांगितलेलं नाही.