गालाला विचारा

अंधेरीच्या आमच्या गल्लीत गाड्यांच्या काचांना ऊन अडवायची फिल्म लावणारा एकदा बोलायला लागला की थांबत नाही. फिल्म चिकटवताना मात्र धूळ उडू नये म्हणून श्वासही जपून घेतो. आमच्या कॅम्पर व्हॅनची एकेक काच झाली, की आतून तिच्याजवळ गाल नेऊन ऊन जोखायचा. मला ते नाटक वाटलं. "हात फसतो यार, गाल नाही," तो म्हणाला.

ऊन सोसत नाही म्हणून बाबांनी गावाला जाणंच सोडलं होतं, हे मी त्याला बोलता बोलता सांगितलं. शेवटची काच होताच, भरदुपारी, तो आमच्या घरी गेला आणि बाबांना हाताला धरून खाली घेऊन आला.

"काका, गाल जवळ न्या."

बाबा व्हॅनमध्ये चढले आणि काचेजवळ गाल नेऊन बराच वेळ बसून राहिले. मग मला म्हणाले, "गावाला जाताना माझी उशी घ्यायला विसरू नकोस रे."