मिसळणाच्या डब्यातली बँक

८ नोव्हेंबर, शनिवार. चहा झाल्यावर ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, कात्री घेतली आणि किल्ल्यांना बांधलेली लेबलं कापायला बसले.

लेबलं माझीच. आमच्याकडे पुण्याला भांड्यांवर नावं घालायची पद्धत. माझ्या लग्नातल्या प्रत्येक पातेल्यावर आईने आडनाव आणि तारीख कोरून घेतली होती. त्याच सवयीने मी न्युरेम्बर्गमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या जादा किल्ल्यांना पुठ्ठ्याचे तुकडे बांधले होते. आडनाव, रस्ता, घराचा नंबर, मजला, सगळं सुवाच्य अक्षरात. चोराला याहून जास्त मदत करणं अवघड होतं.

किल्ल्या माझ्याकडे का, ते आधी सांगते. इथल्या घरांच्या दाराला बाहेरून मूठ असते, पण ती फिरत नाही. दार मागे ओढलं गेलं की बंदच, मग आत किल्ली असो नाहीतर बाळ. आपल्याकडे बाहेर पडताना कडी लावावी लागते, हाताला तीच सवय. इथे आलेला प्रत्येक मराठी माणूस एकदा तरी कचरा टाकायला जातो आणि जिन्यात अडकतो. मीही अडकले. पहिलाच हिवाळा होता, पायात घरातल्या सपाता, हाताला कणीक आणि आत गॅसवर, म्हणजे विजेच्या शेगडीवर, वरण. खालच्या जर्मन आजींनी त्यांच्या घरात बसवून घेतलं आणि कुलूपवाल्याला फोन केला. त्याने एक पातळ पट्टी फटीत सरकवून दार उघडलं आणि जे बिल दिलं त्यात मुंबईचं विमानाचं तिकीट आलं असतं. वरणाचं पातेलं टाकावं लागलं. त्यावर आईने कोरून घेतलेलं नाव होतं.

पुढच्याच आठवड्यात मी जादा किल्ली करून शेजारच्या रस्त्यावरच्या एका कोल्हापूरच्या कुटुंबाला दिली आणि त्यांची आमच्याकडे ठेवून घेतली. त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं. मी घरून काम करायचे, कुठे फारशी जायचे नाही, त्यामुळे लोकांना माझ्याकडे किल्ली ठेवणं सोयीचं वाटलं. स्टीलचा एक मिसळणाचा डबा रिकामा होता, झाकण थोडं पोचलेलं. त्यात किल्ल्या ठेवल्या. मोहरीच्या वाटीत ट्रामच्या थांब्याजवळची घरं, हळदीच्या वाटीत नदीपलीकडची, असं करत सातही वाट्या भरल्या. कोणी आईवडिलांना आणलं की आधी विमानतळावर जातात आणि मग माझ्याकडे किल्ली टाकायला येतात. आईवडील कचरा टाकायला जाणारच.

हे काम सोपं नाही. इथे अनेक इमारतींत एकाच किल्लीने बाहेरचं दार, तळघर आणि सायकलींची खोली उघडते. ती हरवली तर आख्ख्या इमारतीची कुलपं बदलायची वेळ येते. माझ्याकडून आजपर्यंत एकही किल्ली हरवलेली नाही. हे मी मोठ्या आवाजात सांगत नाही, पण विचारलं तर सांगते.

तर बुधवारी आमच्यातल्या एका घरी चोरी झाली. चोर बाल्कनीचं दार उचकटून आत शिरला. थोडे दागिने आणि लॅपटॉप गेला. गुरुवारी संध्याकाळी आमच्या ग्रुपवर एका तरुणाचा मेसेज आला. हा मुलगा एका कंपनीत सायबर सिक्युरिटीचं काम करतो आणि बोलतोही तसाच. ‘आपल्या सगळ्यांच्या किल्ल्या पत्त्यांसकट एकाच घरात आहेत. यावर विचार व्हावा.’ खाली कोणीच काही लिहिलं नाही. त्यावरूनच मी ओळखलं, सगळ्यांना ते पटलंय.

योगायोग असा की त्याच आठवड्यात मी ऑफिसच्या एका भाषणाची तयारी करत होते. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आमची टीम एका अमेरिकन बँकेसाठी काम करते. नव्या लोकांना त्या बँकेचा इतिहास सांगायचा होता आणि सोमवारी वीस मिनिटं बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकीच्यांनी वेळेवर मान खाली घातली. शुक्रवारी क्वचित जाते तशी ऑफिसात गेले होते, तिथे बँकेने पाठवलेली माहिती दुपारी जेवताना वाचली. वाचता वाचता जेवण थंड झालं.

आज त्या बँकेचा काचेचा मनोरा आहे. सुरुवात मात्र दुकानातून झाली होती. पश्चिमेकडे रेल्वे जिथे संपायची तिथलं दुकान. खिळे, पीठ, खोगिरं विकणारं. दुकानदाराने स्वतःसाठी एक लोखंडी तिजोरी मागवली. ती बैलगाडीवरून आली आणि आत नेताना दुकानाची फळी मोडली. पंचक्रोशीत दुसरी तिजोरी नव्हती. गुरं विकून आलेले लोक म्हणायला लागले, माझीही पिशवी ठेव. त्याने ठेवल्या. पैसे काही घेतले नाहीत. पिशवीवर नाव लिहायचा नाही, ज्याच्या गुरांवर जी डागणी असेल ती खूण पिशवीवर उमटवायचा. वर्तुळात रेघ, उलटा नाल, दोन शिंगं. मग दुकानाच्या बाजूला लाकडी खोली झाली, पुढे विटांची इमारत, पुढच्या गावात शाखा.

आणि मग एक वाईट दिवस आला. शेजारच्या गावातली बँक बुडाली. तिचा आणि याचा काही संबंध नव्हता, तरी सकाळपासून दारात पैसे परत मागणाऱ्यांच्या घोडागाड्या उभ्या राहिल्या. त्याने दार लावलं नाही. तिजोरी सताड उघडून सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, बायकोने कॉफी ओतली, ज्याने मागितलं त्याला दिलं. बंद करायची वेळ टळून गेली तरी तो देत राहिला. संध्याकाळपर्यंत रांगेतली माणसं एकमेकांकडे बघून ओशाळायला लागली.

हे वाचून मी ट्रामने घरी आले, आणि साडेसहाला आमची बेल वाजली.

पहिल्या बाई म्हणाल्या, “ताई, सासूबाई येतायत, त्यांना एक किल्ली लागेल.” सासूबाई मे महिन्यातच येऊन गेल्या होत्या. दुसरे म्हणाले, कंपनीने नवं काहीतरी डिजिटल कुलूप दिलंय. तिसऱ्यांना कारणही सुचलं नाही. त्यांनी नुसता हात पुढे केला. मी कोणालाच काही विचारलं नाही. डबा उघडा करून जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला आणि पोहे टाकले.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, “अगं, बंद कर आता हा उद्योग. पगार मिळतो का तुला त्याचा?”

“अहो, मग तुम्ही आठ वर्षं माझ्या ओळखीवर सगळ्यांकडे फुकट जेवताय ते काय आहे?”

मुलगी सोफ्यावरून जर्मनमध्ये म्हणाली, “ममा, ही काही बँक नाही.”

“नाहीये. पण ठेव ठेवलीच आहे लोकांनी.”

मी तेव्हा शांत दिसत असेन, पण नव्हते. हळदीची वाटी रिकामी झाली होती. सगळ्या वाट्या रिकाम्या झाल्या तर मी या गावात नुसती एक टेस्टर उरणार होते. आणि त्या पोराचं म्हणणं बरोबर होतं, हे जास्त खुपत होतं. चोर बाल्कनीतून आला हे खरं, पण माझी लेबलंही खरी होती.

म्हणून शनिवारी सकाळी कात्री. लेबलं कापून झाली तेव्हा ओट्यावर नुसत्या किल्ल्या राहिल्या. त्यातली जवळपास प्रत्येक मला ओळखू येत होती, दातांवरून, गंजावरून. पण मला ओळखू येणं पुरेसं नव्हतं. मग डागण्या आठवल्या. ग्रुपवर लिहिलं: ‘आज चार ते सहा डबा उघडा आहे. नाव-पत्ते काढून टाकले आहेत. किल्ली परत हवी असेल त्यांनी न्यावी. ठेवायची असेल त्यांनी आपली एक खूण घेऊन यावी, किल्लीला बांधण्याजोगी. नाव नको. भजी आहेत.’

चारला सिक्युरिटीवाला मुलगाच पहिला आला.

“ताई, रागावलात?”

“रागावले असते तर भजी केली नसती. खा.”

“मी सिस्टिमबद्दल बोलत होतो, तुमच्याबद्दल नाही.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून सिस्टिम बदलली. तुझी खूण कुठाय?”

त्याने खिशातून काही काढलं नाही. “कोणती किल्ली कोणाची हे तुमच्या एकट्याच्या डोक्यात. तुम्ही इंडियाला गेलात तर?”

मी भज्यांची ताटली त्याच्यापुढे सरकवली. तोवर खोली भरली होती आणि सगळे भजी खात आमच्याकडेच बघत होते.

“मग मी आहे की,” नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला. झारा हातात, एप्रन माझा. “मोहरीच्या वाटीत ट्रामवाले. विचार काय विचारायचं ते.”

मुलाने विचारलं. नवऱ्याला दोन सोडून सगळं बरोबर आलं. मला कधी पत्ताच लागला नव्हता की तो बघत असतो.

तेवढ्यात जिच्या घरी चोरी झाली ती आली. साताऱ्याची, बोलायला फटकळ. तिने खिशातून कोरी किल्ली काढून टेबलावर आपटली. “नवं कुलूप बसवलं, ही त्याची. काय बघताय सगळे? चोर बाल्कनीतून आला, बाबांनो, तो काय यांना किल्ली मागायला आला नव्हता. आणि डिसेंबरात माझी आई येतेय. ती कचरा टाकायला जाणार, दार लागणार, आणि तुमच्यापैकी कोण ऑफिस सोडून धावणार आहे? हात वर करा.”

कोणीही हात वर केला नाही.

“आल्झो, म्हणजे ठरलं,” ती म्हणाली आणि किल्लीला ब्लाउजचा तुटलेला हुक अडकवला. “ही माझी खूण. भजी संपली का?”

त्यानंतर खुणा निघाल्या. बुद्धिबळातलं प्यादं, मंगळसूत्रातले उरलेले काळे मणी, लहान मुलाच्या खेळण्यातली पिवळी वीट, मिठाईच्या खोक्याची फीत. कालच्या त्या सासूबाईवाल्या बाई किल्ली घेऊन परत आल्या आणि सासूबाईंचं नावही काढलं नाही. मीही काढलं नाही. सगळे मात्र आले नाहीत. डिजिटल कुलूपवाले आले नाहीत. आणखीही काही नाहीत. त्यांचा हक्क आहे. सिक्युरिटीवाल्या मुलाने निघताना ऑफिसच्या ओळखपत्राचा जुना पट्टा काढला आणि त्याचा एक तुकडा खूण म्हणून कापायचा म्हणाला. कात्री मी दिली.

सहाला डब्याचं झाकण लावलं तेव्हा ते वर आलं, कारण खुणांना जागा लागते. मोठा डबा बघावा लागेल. त्या दुकानदारानेही बाजूला खोली बांधली तेव्हा असंच काहीतरी झालं असणार. सोमवारच्या भाषणात मनोऱ्याआधी त्याच्या उघड्या तिजोरीबद्दल सांगायचं, हे आता मला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. टेस्टर माणूस बदल केल्यावर तपासल्याशिवाय सोडत नाही. सकाळी नऊला डबा पिशवीत घातला, सायकल काढली आणि दारोदार जाऊन प्रत्येक किल्ली तिच्या कुलपात फिरवून पाहिली. निम्मी माणसं नाइट ड्रेसमध्ये होती. तीन घरी चहा घ्यावा लागला. एक किल्ली कुठेच लागली नाही. ती गेल्या वर्षी स्टुटगार्टला गेलेल्या कुटुंबाची निघाली, ती पार्सलने पाठवायला वेगळी काढली. बाकी सगळ्या फिरल्या.