स्टॅशच्या पेटीवरचे पस्तीस वॅट

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात डोलोरेस विटकोव्स्कीचं रेडिओ-ग्रामोफोनचं दुकान होतं. तिचा आवाज दुकानातल्या कुठल्याही स्पीकरपेक्षा मोठा, असं गिऱ्हाइकं म्हणत. बाप लग्नांत वाजणाऱ्या पोल्का नाचाच्या बँडमध्ये अकॉर्डियन वाजवायचा, त्यामुळे पोर लग्नाच्या हॉलांमध्येच वाढलेली. दबकून बोलणं तिला कधी जमलंच नाही.

त्या काळी ॲम्प्लिफायरच्या जाहिरातींना धरबंद उरला नव्हता. कुणी दोनशे वॅट छापी, कुणी चारशे. क्षणभर उसळलेली ताकद मोजायची आणि तीच मिरवायची. चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात डोलोरेस बिअरचा ग्लास आपटून म्हणायची, "सरकारने यांना वेसण घातलीच पाहिजे!"

चौऱ्याहत्तर साली वॉशिंग्टनहून खरंच नियम आला. ॲम्प्लिफायर आधी तासभर चालवून तापवायचा, मग दोन्ही बाजूंच्या स्पीकरांना सलग, आवाज न फाटता, जेवढी ताकद निघेल तेवढीच जाहिरातीत सांगायची. डोलोरेसने आल्यागेल्याला कॉफी पाजली. तिचा धाकटा भाऊ स्टॅश मात्र कपाला हात न लावता मागच्या शेडमध्ये निघून गेला.

त्या शेडमध्ये स्टॅश स्वतः ॲम्प्लिफायर बनवायचा. बहिणीच्या दुकानात ते हातोहात खपत. त्यांच्यावरही 'दोनशे वॅट' छापलेलं होतं. वाजतात छान, म्हणून डोलोरेसने कधी खोदून विचारलं नव्हतं.

ती त्याच्या मागोमाग गेली. "काय रे, तोंड का पाडलंस?"

"मोजून बघितलं, डॉली. नव्या पद्धतीने एका बाजूला पस्तीस भरतात."

"पस्तीस?"

"सगळेच फुगवून छापत होते. मी खरं छापलं असतं तर तूच म्हणाली असतीस, हे खेळणं कोण घेणार?"

 डोलोरेसने टेबलावरचा जुन्या लेबलांचा गठ्ठा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. "म्हटलं असतं कदाचित. आता पस्तीस छाप. आणि ठळक छाप, बारीक अक्षरात लपवू नकोस."

आठवडाभरात 'पस्तीस वॅट' छापलेल्या पेट्या दुकानाच्या काचेत लागल्या. पहिला आत आला तो नॉर्बर्ट गापिन्स्की, चामड्याच्या कारखान्यातला मुकादम. मानेपर्यंत लाल झालेला.

"डोलोरेस! मी दोनशेचा घेतला, आणि तोच आता पस्तीसचा? माझे बाकीचे वॅट कुणी खाल्ले?"

दुकानात माणसं होती. डोलोरेस काउंटरवरून वाकून स्वच्छ म्हणाली, "खाल्ले कुणीच नाहीत, नॉर्बर्ट. ते तिथे नव्हतेच. पेटीवरचा आकडा खोटा होता आणि तो मी विकला. यंत्र परत आण, सगळे पैसे देते."

तेवढ्यात स्टॅश मागून आला, हात पुसत. "तिच्यावर ओरडू नकोस. आकडा मी छापला होता."

नॉर्बर्टने दोघांकडे पाहिलं. भांडायच्या तयारीने आलेल्या माणसाला भांडायला कुणी सापडेना.

"वाजतो तर चांगला," तो पुटपुटला. "परत आणला तर बायको मलाही इथेच सोडून जाईल. रविवारी स्वयंपाकघरात नाचते ती त्याच्यावर."

"मग ठेव की!" डोलोरेस हसली. "पण खोटं लेबल घरात नको. स्टॅश येऊन बदलेल."

रविवारी स्टॅश गापिन्स्कींकडे गेला. नॉर्बर्टच्या बायकोने, आयरीनने, त्याला आधी पिएरोगी, म्हणजे सारण भरलेल्या पोलिश करंज्या, खाऊ घातल्या, मगच लेबलाला हात लावू दिला. तिथून निघताना त्याने ठरवलं, विकलेल्या प्रत्येक यंत्राचं लेबल घरी जाऊन बदलायचं. काहींनी यंत्रं परत केली, दोघांनी शिव्या दिल्या. बहुतेकांनी नवं लेबल लावून घेतलं आणि ऐकवलं, "बघ, अजून कसा वाजतो!"

पुढच्या वर्षी स्टॅशने नवा ॲम्प्लिफायर काढला. तो चांगलाच जड होता आणि उष्णता बाहेर टाकायला मागे जाड ॲल्युमिनियमची पाती होती. तासभर तापवूनही एका बाजूला साठ वॅट भरले.

"पासष्ट छापू का?" त्याने डोळे मिचकावत विचारलं.

डोलोरेसने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि अकॉर्डियनची रेकॉर्ड लावली. चढा आवाज ऐकून रस्त्यापलीकडच्या बेकरीतली माणसं पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.