तीन वर्षांत वसूल

आमचा कारखाना अंबरनाथला, कापड रंगवण्याचा. परदेशातल्या मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं की कार्बन कमी करा, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा. शेठनी ते माझ्या टेबलावर टाकलं. मी कॉस्टिंगमधली, धुराशी माझा संबंध ओढणी नाकाला लावण्यापुरता. शेठचं म्हणणं सरळ होतं. कोळशाचा बॉयलर काढून पाणी तापवायला विजेचे हीट पंप बसवायचे, छपरावर सोलर. पण घातलेला पैसा तीन वर्षांत वसूल झाला पाहिजे. नाही झाला तर विषय बंद.

मला हे काम मनापासून हवं होतं. मांजर्लीत माझं तळमजल्यावर घर आहे आणि उल्हास नदी दोनदा आमच्या फ्रिजपर्यंत येऊन गेली आहे. त्यामुळे धूर कमी करायचं माझ्याकडे आलं याचा मला चक्क आनंद झाला. तो दोन दिवस टिकला.

कारण बॉयलर म्हणजे काका. विठ्ठलवाडीहून येणारे आमचे बॉयलर अटेंडंट, निवृत्तीला सहा वर्षं बाकी. दर तासाला वाफेचं प्रेशर, पाण्याची पातळी, टाकलेला कोळसा टपोऱ्या अक्षरात रजिस्टरमध्ये लिहायचे. त्याच आकड्यांवरून मी बचत काढली. वसुली तीन वर्षं पाच महिन्यांवर अडली. काकांचा पगार बचतीत धरला तर तीनच्या आत येत होती.

मी तो धरला नाही. मग धरला. मग पुन्हा खोडला. ऑर्डर गेली तर साठ माणसं घरी बसणार, पंप आले तर एक. शाळकरी पोरालाही सुटेल असलं गणित, आणि मला सुटेना. स्वतःचाच राग येत होता. काकांना दुसऱ्या खात्यात घेता येईल का, असं शेठना विचारलं तर ते ‘बघू’ म्हणाले आणि फोन घेतला. शेवटी पगाराचा रकाना रिकामा ठेवून मी कागद छापला आणि कोळशाचे आकडे तपासायला काकांनाच बोलावलं.

त्यांनी चष्मा लावून एकेका ओळीवरून बोट फिरवलं. शेवटच्या ओळीवर थांबले.

“मॅडम, हे राहिलंय. बॉयलर नाय म्हणजे बॉयलरवर माणूस पण नाय ना?”

मी म्हटलं, राहू द्या, मुद्दामच सोडलंय.

“असं कसं? अर्धवट कागद शेठ पास करणार नाय.” त्यांनी माझंच पेन उचललं आणि स्वतःचा पगार तिथे लिहिला. “आता जोडा.”

मी जोडलं. दोन वर्षं अकरा महिने. शेठनी त्याच दुपारी सही केली.

काकांनी ते साठ जणांचा विचार करून लिहिलं, की रिकामा रकाना त्यांना बघवला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. ऑर्डर टिकली, चिमणी उतरवली, ऑफिसात माझं कौतुक झालं. कौतुक ऐकताना चेहरा कसा ठेवायचा तेच समजत नव्हतं.

शेवटच्या दिवशी ते निरोप घ्यायला आले. माझ्या टेबलाशी उभं राहून जरा संकोचाने म्हणाले, “ओळखीत कुठे कोळशाचा बॉयलर चालू असला तर सांगा, मॅडम.”

मी हो म्हटलं. तेव्हापासून शोधते आहे.