माळकरी दाजींचे टोप

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी, मुरबाडला, लग्नाची भांडी भाड्याने देण्याचा धंदा होता. मोठे टोप, पराती, झारे, पाण्याची पिंपं. दाजी माळकरी, म्हणून त्यांच्या टोपात मटण शिजवायचं नाही, असा नियम. भांडी त्यांची, श्रद्धा त्यांची. मला त्यात वावगं वाटत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका उन्हाळ्यात मी शहापूरहून त्यांच्याकडे गेलो असताना सिद्धगडाखालच्या आदिवासी वाडीतला एक माणूस दुकानात आला. मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं आणि तीनशे माणसं जेवायची होती. दाजी म्हणाले, भांडी नाहीत. त्यांच्या पाठीमागेच टोपांची उतरंड होती.

"शेट, मग ती मागं कोनाची?"

"तुमच्यात हळदीला मटण असतं. माझ्या टोपात चालत नाही."

"मटन आमच्या मडक्यात. तुमच्या टोपात निस्ता डाळभात. शब्द देतो."

दाजींनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दुकानातली भांडी आधीच गेली होती. मुरबाडात तिसरं दुकान नव्हतं. तो माणूस शांतपणे म्हणाला की, दुकान मांडल्यावर जात बघून नाय म्हणता येत नाय, तसा कायदा हाय असं वाडीवरचे मास्तर सांगतात. पण त्याला कज्जा नको होता, टोप हवे होते. उद्या परत येतो म्हणून तो गेला.

"आता माळही कायद्याला विचारून घालायची का?" दाजी चिडले.

मला कुठलीही गोष्ट दोन्ही बाजूंनी ताडून बघायची सवय. मी विचारलं, गावातल्या शेतकरी घरांत हळदीला काय असतं? मटणच, ते म्हणाले, पण ते लोक माझ्या टोपात शिजवत नाहीत, शब्द देतात. शब्द तर वाडीवाल्यानेही दिला होता, एवढंच मी म्हणालो.

बहीण मागच्या दारी भांडी घासत होती. ती तिथूनच बोलली.

"अहो, गावातल्यांच्या हळदीहून आलेल्या टोपांना चरबी असते. तुम्हाला दिसू नये म्हणून मी राखेनं घासून मगच आत आणते. असा पहिला टोप तुमच्या चुलतभावाच्याच घरून आला होता."

दाजी ओट्यावर येऊन बसले. मी माझं मत सांगितलं: मटणाला नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. माणसाला नाही म्हणू नका. आणि नियम मटणाचा असेल तर तो सगळ्यांना सारखा हवा.

दुसऱ्या दिवशी तो माणूस जीप घेऊन आला, तेव्हा दाजींनी स्वतः टोप उचलून दिले. त्याच आठवड्यात चुलतभाऊ हळदीसाठी भांडी मागायला आला. दाजींनी नाही म्हटलं.

"वाडीवाल्यांना देतोस, नि भावाला नाय?"

"तू शब्द मोडलास. लग्नादिवशी ने, हळदीला नाही."

भावकीने तो हंगाम दुसऱ्या दुकानातून काढला. दाजींना ते लागलं, पण नियम त्यांनी बदलला नाही. पुढच्या वर्षी बरेचसे परत आले, कुरकुरत.

वाडीवरच्या त्या लग्नाचं आमंत्रण आम्हालाही होतं. वाडीवर जेवायला बसायची दाजींची ती पहिली वेळ. मुलीच्या बापाने त्यांना हळदीचं मडकं दाखवलं. ते वेगळ्या चुलीवर, मांडवापासून लांब ठेवलेलं होतं. मग दाजी पंगतीला बसले. भात घेतला, डाळ घेतली, आणि वाढणाऱ्या पोरीला म्हणाले, "डाळ अजून घाल गो."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं आणि पदराआड हसली.