साडूंनी तपासलेल्या कुरडया

साक्षात ब्रह्मदेवानं घडवलेला माणूस आमच्या साडूंसमोर उभा केला, तरी ते त्याला उलटसुलट करून बघतील आणि 'डावा कान जरा खाली आलाय' म्हणून माघारी धाडतील. वाळूजच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासण्यात त्यांची हयात गेली. साडू निवृत्त झाले, नजर काही झाली नाही. माझ्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते, तेव्हा हे गृहस्थ मांडवाचा खांब हलवून बघत होते. एकदा खुलताबादला सीताफळं घ्यायला थांबलो, तर यांनी टोपलीतलं एकेक फळ नाकाशी, उन्हाशी धरून बाजूला ठेवलं. शेवटी विकणारी म्हातारीच हात जोडून म्हणाली, "चाचा, तुम नक्को लेव." साडूंना त्यात अपमान वगैरे वाटला नाही. "बघा, तिलाबी कळलं," म्हणाले.

अशा माणसाच्या बायकोनं कुरडयांचा धंदा काढावा, म्हणजे धाडसच की! अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, मुकुंदवाडीतल्या घराच्या गच्चीवर इतक्या देखण्या कुरडया घालते की तळायला जीव होत नाही. जाहिरात करायची ठरली आणि घरात दोन पक्ष पडले. "लोकं आता वाचत नायत, बघतात. व्हिडिओ करू," अक्का म्हणाली. "व्हिडिओत काय, कुणीबी हसून काहीबी सांगतंय. लिहिलेलं कसं, पक्कं राहतं," साडू म्हणाले. मग अक्कानं मला बाजूला घेतलं. "भाऊजी, व्हिडिओ धंद्यासाठी कमी अन् माझ्यासाठीच जास्त हो. इतकी वर्षं रांधून घातलं, एकदा तरी या माणसाच्या तोंडून 'चांगलं झालंय' ऐकायचंय. कॅमेऱ्यापुढं तरी म्हणतील." मला गलबलून आलं.

तोवर साडूंनी मजकूर लिहून सगळ्या ग्रुपवर टाकलासुद्धा: 'कुरडया गव्हाच्या चिकाच्या आहेत. गोलाई सर्व नगांत सारखी नाही. काही नगांच्या कडा प्रवासात तुटतील. तेल नीट न तापल्यास फुलणार नाहीत. तक्रार ऐकली जाणार नाही.' ही जाहिरात की कोर्टाची नोटीस! एका गिऱ्हाइकानं तर अक्काला फोन करून विचारलं, "काकू, घरी काही भांडण झालंय का?"

शेवटी एका दुपारी फोन घेऊन मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. अक्का ठेवणीतली साडी नेसून कढईपाशी. शेजारी गळ्यापर्यंत बटणं लावलेले साडू. कुरडई तेलात पडली, झकास फुलली. अक्कानं ती यांच्यापुढं धरली. "कशी झालीय?" साडूंनी ती खिडकीशी नेली. "इथं जरा जाड आहे." दुसरी दिली. "रंग दोन्हीकडं सारखा नाय." चार-पाच कुरडया अशाच नापास झाल्या. अक्काचा चेहरा पार उतरला. तिनं गॅस बंद केला. "राहू द्या भाऊजी. लिहिलेलंच बरंय," म्हणाली आणि हात पुसत गच्चीवर निघून गेली.

मला असा राग आला म्हणता! "काय हो साडूभाऊ, एकदा चांगलं म्हणायला काय जातंय तुमचं?" साडूंनी ताटलीतला एक तुकडा चावला. मग खाली बघतच बोलले, "अहो, कारखान्यात चांगल्या मालाला आम्ही कधी काही बोलायचोच नाय. तो मुकाट पुढं जायचा. बोलायचं ते फक्त खराब मालाला. तीच सवय लागली." त्यांनी आणखी एक तुकडा मोडला. "हिच्या हातचा एक घास तरी ताटात टाकलाय का मी आजवर? लई चांगली हाय हो ती. कुरडईबी."

मघापासून फोन चालूच होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. तसाच गच्चीवर गेलो आणि अक्काच्या हातात दिला. तिनं तो व्हिडिओ एकदा बघितला, पुन्हा बघितला, पदर डोळ्यांना लावला. "अक्का, यापेक्षा भारी जाहिरात होणार नाही. टाकू या," मी म्हणालो. तिनं व्हिडिओ स्वतःच्या फोनवर घेतला आणि माझ्या फोनवरचा पुसायला लावला. "नाय. हे लोकांना कशाला?"

धंदा अजून त्या भांडखोर मजकुरावरच चाललाय, रडतखडत. पण दुपारचं कधी गेलो तर गच्चीवरून हळू आवाजात साडू बोलताना ऐकू येतात, आणि खरे साडू खाली पेपरातल्या चुकांखाली रेघा मारत बसलेले असतात. त्यांना यातलं अजून काहीच माहीत नाही.