डिस्पोजलची गाडी

इंग्लंडहून आलेला गिअर दांड्यावर चढत नव्हता. जासईच्या कमळाकर घरत यांच्या पडवीत आम्ही दोघं खाली बसलो होतो. मी एकदा जोर लावला आणि थांबलो. पार्ट बसत नसेल तर जोर लावायचा नाही, मोजायचं. व्हर्नियर काढलं. दांडा १७.४ मिलिमीटर, गिअरचं भोक १५.९. दीड मिलिमीटरचा फरक. ही झिजेची तूट नव्हती. मी चुकीचा पार्ट मागवला होता.

आरटीओच्या पासिंगला एकोणीस दिवस उरले होते.

माझं काम थोडक्यात सांगतो. महापेच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. कारखाना बंद झाल्यावर जवळच एक छोटा गाळा घेतला. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींचे पार्ट ओळखायचे आणि मिळवून द्यायचे, हा आता धंदा. गाडी मी दुरुस्त करत नाही. तुटलेला तुकडा कोणत्या मॉडेलचा, कोणत्या सालचा, त्याचा पार्ट नंबर काय, एवढं शोधतो. एकाच मॉडेलची मापं कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी बदलत. म्हणून साल चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

घरतांची गाडी साडेतीनशे सीसीची, वडिलांच्या नावावर. जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं होतं. भावांचं म्हणणं असं, की गाडी चालत असेल आणि कागद होत असतील तर नव्या घरात तिला जागा ठेवू, नाहीतर भंगारात देऊ. कागद होण्यासाठी ती आरटीओत चालवून दाखवायची होती. इंजिन चालू होतं, पण पहिल्या गिअरचे चार दात तुटले होते. गाडी जागची हलत नव्हती.

घरत पहिल्यांदा गाळ्यावर आले तेव्हा तुटका गिअर पिशवीत घालून आणला होता. त्याच्या आतलं बुश, म्हणजे भोकात बसवलेली ब्राँझची नळी, चुरा होऊन गेलं होतं. भोकाचं खरं माप त्यावरून मिळेना. गिअर ज्या दांड्यावर फिरतो तो घरी होता, म्हणून मी फोनवर त्याचं माप विचारलं. घरतांचे चुलते बाळारामकाका ऐंशीच्या पुढचे, जन्मभर मेकॅनिक. त्यांनी मोजून निरोप दिला, साडेपाच सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आरसी बुकातल्या सालाप्रमाणे मी पार्ट्सचं पुस्तक उघडलं, तर त्यात पाच सूत. काकांच्या आकड्यापुढे मी वहीत ‘अंदाजे’ असं लिहिलं आणि पुस्तकाप्रमाणे मागवलं.

साडेपाच सूत म्हणजे साडेसतरा मिलिमीटरला किंचित कमी. काकांचं माप बरोबर होतं.

आतलं बुश काढून पातळ बुश टाकलं तर भागेल का, असं घरतांनी विचारलं. मी जोडीच्या गिअरशी दात लावून पाहिले. तेही जुळेनात, नव्याचे बारीक होते. चूक माझी आहे, हा गिअर मी परत घेतो आणि गाडीचं साल नव्याने शोधतो, असं मी सांगितलं.

काका ओट्यावर बसून ऐकत होते. “साल काय शोधतंस?” ते म्हणाले. “डिस्पोजलची गारी हाय ती.”

हा शब्द मी त्या घरात चार-पाच वेळा ऐकला होता. भाऊही तिला डिस्पोजलच म्हणत. मला वाटायचं, टाकाऊ म्हणून हिणवतात. या वेळी मी अर्थ विचारला. महायुद्ध संपल्यावर मिलिटरीने नको असलेल्या गाड्या लिलावात काढल्या, त्याला लोक डिस्पोजल म्हणत. काका ज्या उस्तादाकडे काम शिकले त्यानेच त्या लॉटमधल्या चार गाड्या घेतल्या होत्या. काही वर्षं पडून राहिल्यावर त्या विकल्या, तेव्हा कुठे त्यांची नोंदणी झाली. आरसीवरचं साल नोंदणीचं होतं, गाडी बनल्याचं नाही.

“काका, हे आधी का नाही सांगितलंत?”

“तू इचारलंस कवा? तू सूत इचारलंस, मी सूत सांगितलं. त्येबी तुला पटलं नाय.”

घरत दुसरीकडे बघायला लागले.

नुसत्या ऐकीव माहितीवर मी पार्ट मागवत नाही. हँडलखाली फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, तिथला रंग आणि त्याखालची लांबी, म्हणजे पुट्टी, खरवडली. आकड्यांच्या आधी एक इंग्रजी अक्षर निघालं. आरसीवर फक्त आकडे होते. फोटो इंग्लंडच्या डीलरला पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: हे अक्षर लष्कराच्या ऑर्डरचं, गाडी आरसीच्या सालाच्या बरीच आधीची, पार्ट नंबर वेगळा. माल शिल्लक नाही, दोन महिने लागतील.

हातात अठरा दिवस होते. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, जिथे ओळख होती तिथे फोन केले. कुणाकडे नव्हता. एक आठवडा यात गेला. मग मी परत जासईला गेलो आणि काकांना नीट, क्रमाने विचारलं. बाकीच्या तीन गाड्यांचं काय झालं?

दोन भंगारात गेल्या होत्या. तिसरीचं इंजिन आणि गिअरबॉक्स एका मिठागराच्या पंपाला लावलं होतं. मिठागर कधीच बुजलं, तिथे आता कंटेनर उभे असतात. पण पंप मालकाने घरामागच्या शेडमध्ये टाकला होता, हे काकांना माहीत होतं.

“गंजून माती झाली असंल,” घरत म्हणाले.

“वरून. आत त्याल व्हतं,” काका म्हणाले.

मालकाने जागा मोकळी होते म्हणून आनंदाने न्यायला सांगितलं. रॉकेल टाकून गिअरबॉक्स उघडायला चार तास लागले. आतलं तेल डांबरासारखं झालं होतं, त्यानेच गिअर वाचवला होता. या वेळी मी वहीत सगळं लिहिलं: दात अठ्ठावीस, रुंदी, दातांची जाडी, भोक. मी मिलिमीटर सांगायचो, काका सूत सांगायचे. दोन्ही जुळल्याशिवाय पुढचं माप घेतलं नाही. महापेला लेथवर नवं बुश करून घेतलं आणि काकांनी गिअर बसवला. हाताने सरकवला, तसा गेला.

खरवडलेल्या नंबरावर रंग मारून टाकू, उगाच प्रश्न नकोत, असं घरतांचं मत होतं. मी नको म्हटलं. पासिंगच्या दिवशी इन्स्पेक्टरने तेच अक्षर पाहिलं.

“हे आरसीवर नाही.”

डीलरचं उत्तर मी छापून नेलं होतं, ते पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, आकडे एकेक करून ताडून पाहिले आणि गाडी चालवायला सांगितली. घरतांनी किक मारली, पहिला गिअर टाकला. गाडी आवारात एक फेरी मारून आली. पासिंग झालं. अक्षराचीही नोंद झाली.

आरसी बुक गाडी सरकारला कधी भेटली ते सांगतं, ती जन्मली कधी ते सांगत नाही. त्यानंतर मी माझ्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: घरचे लोक गाडीला काय म्हणतात? बहुतेक गिऱ्हाइकं तो रिकामा सोडतात. मी फोन करून भरून घेतो.